टोचन, फक्त गॅरेजपर्यंत!

मोटरहोमची चार दिवसांची सफर, मागे दोराला बांधलेली बाबांची गाडी आणि मधलं जेमतेम पाच मीटरचं अंतर…

ऑफिसात लाँग वीकेंडचा विषय निघाला, की हल्ली कुणीतरी हमखास 'मोटरहोम' म्हणतं. मोटरहोम म्हणजे काय, तर चाकांवरचा वन आरके. आत बेड, बेसिन, छोटा फ्रीज, बाथरूमसुद्धा. हॉटेलचं बुकिंग नको, चेक-आऊटची घाई नको. २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि इन्स्टावर फिरणारं हे प्रकरण आपल्या आवाक्यात आलं. भाडं ऐकून पोटात गोळा येतो ती गोष्ट वेगळी. पण सहा जणांत वाटलं की जमतं.

या वन आरकेचा एकच प्रॉब्लेम. ते एकदा पार्क केलं, की केलं. गावातल्या गल्लीत शिरायचं, देवळाशी जायचं, औषधं आणायची तर एवढं धूड कोण हलवणार? अमेरिकेतल्या मोटरहोमवाल्यांनी यावर उपाय काढलाय. ते पाठीमागे एक छोटी कार बांधूनच निघतात. तिला ते लाडाने 'टोड' म्हणतात. टो केलेली म्हणून टोड, आणि टोड म्हणजे बेडूकही! मुक्कामाला पोचलं की बेडूक सोडायचा आणि गावभर हिंडायचं.

ऐकायला मस्त वाटतं ना? पण या बेडकाची दुखणी भरपूर. इंजिन बंद आणि चारही चाकं रस्त्यावर फिरतायत, ही अवस्था बहुतेक गाड्यांना मानवत नाही. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सला ऑइल पुरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे ऑइल बंद. चाकं मात्र आतले भाग फिरवत राहतात आणि गिअरबॉक्स जळतो. म्हणून तिथले लोक आधी कंपनीचं मॅन्युअल उघडून बघतात, की ही गाडी चार चाकांवर ओढलेली चालते का. काही मॉडेल्सना तर ठरावीक तासांनी थांबून इंजिन चालवून घ्यावं लागायचं. शिवाय किल्ली ऑन ठेवली की बॅटरी उतरते, आणि मागच्या गाडीला ब्रेकची वेगळी सोय करावी लागते ती निराळीच.

आपल्याकडे मुळात कायद्यालाच हा प्रकार मंजूर नाही. ट्रेलर सोडला, तर ओढायची ती बिघडलेली गाडी, आणि तीही जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पंपापर्यंत. धडधाकट कार हौसेने मागे बांधून फिरता येत नाही. त्यामुळे आमची 'टोड' स्वतःच्या इंजिनावर मागून येत होती. निदान लोणारच्या अलीकडे दहा-बारा किलोमीटरपर्यंत तरी!

डबा आणि बाबा

मोटरहोम दादाने ठरवलं होतं. पुण्याहून छत्रपती संभाजीनगर, तिथून समृद्धी महामार्ग, मेहकरला उतरून लोणार आणि मग शेगाव. त्यात ड्रायव्हर, दादा, वहिनी, सहा वर्षांचा भाचा आणि आई. बाबांसाठी खिडकीजवळचा बेड राखून ठेवलेला. मागच्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी लाँग ड्राइव्हला फुली मारली. तेव्हापासून आमच्या घरात बाबा म्हणजे 'फ्रजाइल' लिहिलेला खोका झालेत. त्यांची पिशवी दुसरंच कुणीतरी उचलतं. त्यांचा फोन दादा उचलतो. त्यांना काय खायचंय, हे वहिनी वेटरला सांगते.

बाबा म्हणाले, "मी त्या डब्यात झोपून येणार नाही. माझी गाडी येईल, मी तिच्यात येईन."

माझी गाडी म्हणजे २०११ मध्ये रिटायर झाल्यावर घेतलेली हॅचबॅक. पेट्रोल, मॅन्युअल, रंग एकेकाळी लाल. बाबा एसटीत मेकॅनिक होते. ऐंशीच्या दशकातली बरीच वर्षं मेहकर आगारात गेली. ब्रेकडाऊनचा निरोप आला की रात्री-अपरात्री निघायचं आणि बंद पडलेली बस टोचन करून आणायची, हे त्यांचं काम. अर्ध्या बुलडाणा जिल्ह्याला या माणसाने कधी ना कधी ओढून आणलंय. तडजोड अशी झाली, की गाडी येईल, बाबा तिच्यातच बसतील, पण चालवणार मी.

समृद्धीवर गाडी झकास चालली. मेहकरच्या इंटरचेंजला उतरलो आणि बाबांची भाषा बदलली. पुण्यात 'मला' म्हणणारा माणूस 'मले' म्हणायला लागला. ऑक्टोबर होता, दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चाललेली. सुलतानपूर मागे टाकलं आणि थोड्याच वेळात 'फट्' असा बारीक आवाज झाला. इंजिन गप्प. ना धूर, ना धडधड.

स्टार्टर हलका फिरतोय

मी गाडी कडेला घेतली. पुन्हा किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, पण आवाज वेगळाच. नेहमीसारखा दम लागत नव्हता, शिलाई मशीनसारखा भुर्र फिरत होता.

"बंद कर," बाबा म्हणाले. "पुन्हा मारू नोको. टायमिंग बेल्ट तुटला."

बॉनेट उघडायच्या आधीच! मी विचारलं, कसं कळलं? तर म्हणाले, इंजिनात हवा दाबली जाते तेव्हा स्टार्टरला जोर लागतो. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह जागच्या जागी अडकतात, काही उघडेच राहतात. हवा दाबलीच जात नाही, म्हणून तो हलका फिरतो. आणि अशा वेळी स्टार्टर मारत राहिलं, तर वर आलेला पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटून आणखी नुकसान होऊ शकतं.

मी विम्याच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन लावला. पलीकडच्या मॅडमना लोणार हे गाव आहे की आडनाव, इथपासून सुरुवात करावी लागली. शेवटी उत्तर मिळालं, चार ते पाच तास. ऊन डोक्यावर. पुढे गेलेलं मोटरहोम दादाने मागे वळवून आणलं.

दादाचा प्लॅन रेडी होता. बाबांना डब्यात बसवू, एसी लावू. गाडीची किल्ली कुणाकडे तरी ठेवू, फ्लॅटबेड येईल तेव्हा येईल.

"टोचन करू," बाबा म्हणाले.

ड्रायव्हर दचकलाच. क्लच जाईल म्हणाला, मालक ओरडतील म्हणाला. बाबांनी ऐकून घेतलं आणि सरळ मोटरहोमखाली आडवे झाले. आई वरून ओरडतेय, "अहो, उठा!" खालून आवाज आला, "चासीला हूक आहे. बम्परला दोर लावायचा नाही, शिडीला तर नाहीच." मग दादाने मालकांना फोन केला. जेमतेम टनभर वजन, सपाट रस्ता, वीसच्या स्पीडने जायचं, हे बाबांनी त्यांना इतकं शांतपणे समजावलं, की ते हो म्हणाले.

आमच्या गाडीचा हूक टूलकिटमध्ये होता. पुढच्या बम्परवर एक चौकोनी झाकण असतं बघा, ते कशासाठी असतं हे मला त्या दिवशी कळलं. झाकण काढलं की आत आटे. तिथे हूक पिळून बसवायचा. काही गाड्यांत हे आटे उलटे असतात, म्हणजे आपण घट्ट समजून सैल करत बसतो. बाबांनी पान्ह्याचा दांडा घालून हूक शेवटपर्यंत कसला. डब्यातला नायलॉनचा पट्टा काढला, त्याच्या मध्यावर वहिनीची लाल ओढणी बांधली. मागच्या काचेवर भाच्याच्या ड्रॉइंग पेपरवर ठसठशीत 'ऑन टो'.

मागच्याचं काम

आता स्टिअरिंगवर कोण? बाबा दार उघडून उभेच होते. दादा म्हणाला, "बाबा, प्लीज." मागच्या गाडीत लायसन्सवालाच लागतो, हा नियम आहे, आणि लायसन्स तर दोघांकडेही होतं. इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंग बंद. चाक दोन्ही हातांनी, खांद्यातून वळवावं लागतं. बाबांनी एकदा स्टिअरिंगकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग पलीकडून जाऊन शेजारच्या सीटवर बसले.

"किल्ली ऑन ठेव, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. न्यूट्रल. हॅझर्ड लाव. आणि ऐक, ब्रेक तुझ्याकडे आहे."

"माझ्याकडे? ओढणार तर ते."

"ओढायचं काम त्याचं. दोर ताणलेला ठेवायचं काम तुझं. तो स्लो झाला की त्याच्या आधी तू ब्रेक लावायचा. दोर ढिला पडला की तू त्याच्यावर जाशील, नाहीतर पुढच्या झटक्याला दोर तुटेल. रॉडचं टोचन असलं की वेगळं. दोराचं टोचन मागच्याच्या पायावर चालतं."

निघालो. पहिल्या दोन ब्रेकनंतर पेडल दगड झालं. ब्रेकला हलकेपणा देणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. साठलेला व्हॅक्यूम संपला की उरतो फक्त तुमचा पाय. ऑफिसात दिवसभर चेअरवर बसणारा माझा पाय! समोर काही दिसत नव्हतं, फक्त मोटरहोमची पांढरी पाठ. दादाचा फोन स्पीकरवर चालू. एक हॉर्न म्हणजे थांबा, हे ठरलेलं.

पाचेक किलोमीटर गेलो असू. बाबांनी खिडकीबाहेर डोकं काढून वास घेतला. "हॉर्न मार."

मागचं डावं चाक तापलं होतं. ब्रेकचा शू ड्रमला घासत होता. हँडब्रेकची केबल पुरती परत आलीच नव्हती. इंजिन चालू असतं तर गाडी जरा ओढल्यासारखी वाटून लक्षात आलं असतं. टोचनमध्ये मागच्याला ते कळत नाही, कारण जोर दुसऱ्याचा असतो. भाचा धावत पाण्याची बाटली घेऊन आला. "पाणी नको रे राजा, तापलेला ड्रम तडकेल," बाबा म्हणाले. शेजारच्या शेतातल्या दादांनी ते पाणी बाबांनाच प्यायला लावलं आणि लिंबाच्या सावलीत बाजलं टाकून दिलं. वीस-पंचवीस मिनिटांनी बाबांनी केबल ढिली केली, ड्रमला पान्ह्याने चारी बाजूंनी हलके ठोके दिले, चाक हाताने फिरवून बघितलं. मोकळं!

त्या वीस मिनिटांत दादा त्यांच्याशेजारी बाजल्यावर बसला होता. म्हणाला, "बाबा, फ्लॅटबेडवर टाकली असती तर एवढा त्रास झाला नसता."

बाबा म्हणाले, "फ्लॅटबेड वाईट नाही. ज्या गाडीची चाकं टेकवता येत नाहीत, तिला तोच पाहिजे. हिची टेकतात. स्टिअरिंग आहे, ब्रेक आहे. मग उचलायची कायले?"

दादा काही बोलला नाही. आम्हा दोघांनाही कळलं होतं, विषय फक्त गाडीचा नव्हता.

वर्षं कोण मोजणार?

लोणारच्या गॅरेजात बेल्टचं कव्हर उघडलं. बाबांचं निदान बरोबर. बेल्टची किलोमीटरची मर्यादा अजून बाकी होती, पण रबर वर्षांनीही म्हातारं होतं, गाडी उभी राहिली तरी होतं. बाबा तुटका बेल्ट हातात घेऊन म्हणाले, "किलोमीटर मोजत बसलो. वर्षं मोजली नाहीत." दोन व्हॉल्व्ह वाकले होते. पार्ट बाहेरून यायचा, आठवडा लागणार.

मोटरहोम तळ्याच्या वरच्या अंगाला मुक्कामाला लागलं. उल्का आदळून बेसॉल्टच्या खडकात झालेलं हे विवर, व्यास साधारण १.८ किलोमीटर. २०२० च्या जूनमध्ये याचंच पाणी गुलाबी झालं होतं, आठवतंय? गावातल्या दैत्यसूदन मंदिराच्या गल्ल्यांत आमचा डबा शिरला नसताच. तिथे आम्ही रिक्षाने गेलो. आमचा बेडूक गॅरेजात होता ना!

रात्री दादाने कॅल्क्युलेटर काढला. दुरुस्तीचा खर्च इतका, गाडीची किंमत इतकी. बाबांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "दुरुस्त करू. खर्च माझा. पण न्यायला एकट्याने येणार नाही, हिला घेऊन येईन." 'हिला' म्हणजे मला. गेल्या वर्षभरात त्यांनी आपणहून मागितलेली ही पहिली मदत.

दहा दिवसांनी आम्ही दोघं एसटीने लोणारला गेलो. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे माझा खर्चही निम्मा! येताना लोणार ते मेहकर बाबांनी चालवली, पुढे मी. दादाने यावर एक शब्द काढला नाही, फक्त तीनदा लोकेशन मागितलं.

त्यानंतर घरात एक नवा शब्द रुळलाय. बाबा बँकेत एकटे जातात, स्वतःची पिशवी स्वतः उचलतात, वेटरला स्वतः ऑर्डर देतात. पण हॉस्पिटलच्या चेकअपच्या आदल्या रात्री माझ्या दाराशी येऊन म्हणतात, "उद्या सकाळी टोचन लागेल गं. गॅरेजपर्यंतच."

टोचन करताय? हे लक्षात ठेवा

• ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाडी दोराने ओढू नका. मॅन्युअल बघा, शंका असेल तर फ्लॅटबेडच मागवा.

• दोर हुकाला किंवा चासीलाच बांधा. बम्पर, सस्पेन्शनचा दांडा, शिडी यांना नाही.

• दोन गाड्यांतलं अंतर पाच मीटरच्या आत. दोराच्या मध्यावर लाल फडकं, मागच्या काचेवर 'ऑन टो'.

• गिअर न्यूट्रल, किल्ली ऑन, हँडब्रेक पूर्ण खाली. चाकाजवळ वास आला की लगेच थांबा.

• स्पीड ताशी वीस-पंचवीसच्या वर नको. समृद्धीसारख्या एक्स्प्रेसवेवर हा उद्योग अजिबात नको. तिथे हेल्पलाइनला फोन करा.

• दोर ताणला जात असताना मध्ये कुणीही उभं राहू नका. तुटलेला दोर चाबकासारखा येतो.