दळणाशेजारी कोण होतं?

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. गाफील कारभाराबद्दल, वाया गेलेल्या कष्टांबद्दल आपण ही म्हण सहज बोलून जातो. हल्ली मला तिच्यातलं घर दिसू लागलंय. त्या आंधळ्या जिवाला जात्यापाशी कोणी बसवलं? धान्य निवडून पाखडून तिथवर आलं, म्हणजे घरात डोळस माणसं होती. मग कुत्रं हाकलायला शेजारी एकही का बसलं नाही? म्हण घराला बोल लावत नाही; हसू होतं ते दळणारीचं. पण दळण तिच्या हाती दिलं होतं, ही गोष्टही मला सोडवत नाही. तिला कोपऱ्यात बसवून नुसतं जेवू घातलं नव्हतं.

बहिऱ्याला शाप देऊ नये, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, अशी आज्ञा ज्यूंच्या तोरा या धर्मग्रंथात, लेवीय या भागात आहे. पुढे रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, तिचा अर्थ वाढवला: अजाण माणसाला खोटा सल्ला देणं म्हणजेही त्याच्या वाटेत धोंडा ठेवणं. अर्थ मोठा आहे, मला पटतो. पण त्यात खराखुरा आंधळा मागेच राहतो, आपल्या म्हणीत राहतो तसा. याच परंपरेने मुक्या-बहिऱ्याला लहान मुलांच्या पंगतीत बसवून धर्माज्ञांतून मोकळं केलं. ती दया होती की त्याच्या हातून दळण काढून घेणं होतं? 2011 साली अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह रब्बींच्या समितीने खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या बहिऱ्यांना सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत धरलं. तोवर किती पिढ्या गेल्या.

कोकणातले बेने इस्रायल हेही ज्यूच, आणि बोलायचे मराठी. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. नवस एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला. फेडताना पोहे, खोबरं, साखर, फळं घालून मलिदा. न बोलणाऱ्या लेकरासाठीही कुणी असा नवस बोलली असेलच. तेलंगणातल्या आमच्या नार्नूरकडच्या बायका केसलापूरच्या जत्रेत हात जोडतात, तेव्हा मागणं वेगळं नसतं.

जेरुसलेमच्या माल्की सॅम्युएल्स यांनीही देवाला शब्द दिला होता: माझ्या मुलाला मदत कर, मी दुसऱ्या आयांना मदत करीन. त्यांच्या योसीची दृष्टी आणि कान तान्हेपणीच गेले. तो आठ वर्षांचा असताना शोशाना वाइनस्टॉक या शिक्षिकेने त्याच्या तळहातावर बोटांच्या खुणांनी एक शब्द उमटवला: टेबल. वस्तूंना नावं असतात हे त्याला कळलं. शोशाना स्वतः बहिऱ्या होत्या. 1990 साली योसीच्या आईवडिलांनी दिव्यांग मुलांसाठी शाल्वा ही संस्था काढली. त्या घराला शेजारी बसणारं माणूस मिळालं.

ज्यांना मिळत नाही त्यांनी काय करावं? तोरातल्या मोशेची जीभ जड होती. देवाने ती मोकळी केली असं निर्गम या भागात कुठे नाही. त्याने भाऊ पुढे केला. तीन वर्षांनी मोठा अहरोन त्याच्या वतीने बोलेल, आणि त्याला भेटून मनातून आनंदेल. इथे मी अडते. अहरोनाला कोणी विचारलं होतं? पुढे गणना या भागात तोच अहरोन बहीण मिर्यामबरोबर मोशेविरुद्ध बोलतो. ते वाचून माझ्या पोटात गोळा येतो.

माझ्या लेकीला मोठा भाऊ आहे. नार्नूरच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, लमाणी सगळं कानावर पडतं. ती यातलं काही बोलत नाही, तिच्या वतीने तो बोलतो. दिव्यांगांच्या तपासणीच्या सदरम कॅम्पात तिचं नाव विचारलं, तेव्हाही उत्तर त्याचंच होतं. दिव्यांगांचं पेन्शन तेलंगणाने 2023 मध्ये 4,016 रुपये केलं, ते तिच्या नावावर. त्याच्या नावावर आम्ही काय लिहून ठेवतोय? कधी वाटतं, त्याला आत्ताच मोकळं करावं. लगेच वाटतं, मग आमच्या माघारी तिच्याजवळ कोण? आणि माया करणाऱ्याला मोकळं करणारे आपण कोण, असंही वाटतं.

अलिबागेत, ठाण्यात, नाहीतर तिकडे इस्रायलमधल्या दिमोनात ज्या बेने इस्रायल घरात असं मूल वाढलं, त्या घरच्यांनी ते मराठीत लिहावं. आईनेच नाही, भावानेही. मला वाचायचं आहे.