सोळाशे मीटरचे माप

माण तालुक्यातील त्या गावातून पहाटे धावायला निघणाऱ्यास तीन वाटा आहेत. पहिली दहिवडीकडे जाणारी डांबरी सडक. ती सपाट आणि सरळ असली तरी जाणती मुले तिच्यावर रोज धावत नाहीत. कठीण डांबराने नडग्या धरतात, आणि पाणी वाहून जावे म्हणून सडकेच्या कडा उतरत्या ठेवलेल्या असल्याने कडेने धावणाऱ्याचा एक पाय सतत खाली पडतो. दुसरी वाट ओढ्याच्या कोरड्या पात्रातली. वाळूत पाऊल रुतते, वेग मिळत नाही, पण पोटऱ्यांना बळ येते. आठवड्यातून एकदा तिकडे जावे. तिसरी वाट मुरमाची. शाळेच्या फाटकापासून निघून ज्वारी-बाजरीच्या रानांमधून ती पाझर तलावाच्या सांडव्यापर्यंत जाते. दबलेला मुरूम डांबराइतका टणक नाही आणि काळ्या मातीसारखा पावसात पायाला चिकटत नाही. गावातील तरुणांची सारी उमेद या तिसऱ्या वाटेवर आहे.

पर्जन्यछायेतील या तालुक्यात शेतीचा भरवसा कमी. त्यामुळे पोलीस भरती हा घराघरांतला विषय. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण मुलांना १६०० मीटर धावण्याचे. ते पुरे मिळवायचे तर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत पोहोचावे लागते. याच तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण पहाटे धावणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ऑलिम्पिक नसते. खाकी गणवेश आणि महिन्याच्या महिन्याला येणारा पगार असतो.

गावात किराणा-भुसाराचे एक जुने दुकान आहे. त्याचे मालक सत्तरीकडे झुकलेले. गाव त्यांना शेठ म्हणते. रक्तातील साखर वाढल्यापासून डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते पहाटे मुरमाच्या वाटेने चालू लागले. मुले त्यांना ओलांडून पुढे जात, परतताना घड्याळे दाखवीत. त्यांतला एक मुलगा सर्वांत वेगवान. तो ५ मिनिटे ८ सेकंदांत सांडव्याला पोहोचे, आणि गावाने त्याला मनोमन पोलीस करूनही टाकले होते. गेल्या भरतीत मात्र मैदानावर तो १५-१६ सेकंद मागे पडला. गुणवत्ता यादीत त्याचे नाव थोडक्यात हुकले. परीक्षेचा ताण, परके मैदान, रात्रीचा प्रवास, अशी कारणे गावाने शोधली. मुलाने तीच मनाशी धरली.

शेठांना ती पटली नाहीत. ताणामुळे एक मुलगा मागे पडेल. पण गावातून गेलेली पाचही मुले जवळजवळ सारख्याच फरकाने मागे पडली होती. खतावणीत प्रत्येक खात्याला सारखीच तूट येऊ लागली की व्यापारी गिऱ्हाईकांवर संशय घेत नाही, आधी आपला तराजू तपासतो. वाट मापली कोणी, असे त्यांनी विचारले. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी मोटारसायकलवरून मापून सांडव्याच्या दगडावर चुन्याची खूण केली होती. मोटारसायकलच्या मापकात शेवटचा आकडा शंभर मीटरचा. तो पालटण्याच्या बेतात असताना निघाले तर पाऊणशे मीटरची तूट सहज पडते, आणि ती दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी शेठांनी गवंड्याकडून तीस मीटरची पोलादी टेप आणली, मुलाच्या जुन्या सायकलीत हवा भरली आणि पुढच्या चाकाच्या एका तारेला लाल दोरा बांधला. शाळेच्या व्हरांड्यात चाकाचे दहा फेरे टेपवर मोजले. २२ मीटर २० सेंटिमीटर भरले. म्हणजे एक फेरा २ मीटर २२ सेंटिमीटरांचा. उजव्या खिशात मूठभर फुटाणे घेऊन ते सायकल हातात धरून निघाले. दर दहा फेऱ्यांना एक फुटाणा डाव्या खिशात. हे करताना पाहणाऱ्यांना हसू आले असेल. पण जगभर शर्यतींचे मार्ग आजही मूलतः याच रीतीने, टेपवर पारखून घेतलेल्या सायकलच्या चाकाने मापतात. मार्ग कमी भरू नये म्हणून त्यात हजारी एक मीटर वाढही धरतात. तरी चुका होतात. कापडामुळे आपल्या व्यापाऱ्यांच्या कानांवर पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या मँचेस्टर शहरातील मॅरेथॉनचा मार्ग २०१३ पासून सलग तीन वर्षे ३८० मीटर कमी भरला होता, असे २०१६ मध्ये उघड झाले आणि हजारो धावपटूंच्या वेळा अमान्य ठरल्या.

सांडव्यापाशी डाव्या खिशात ६८ फुटाणे होते, वर पाच फेरे. एकूण ६८५. अंतर १५२१ मीटर भरले. ७९ मीटर कमी. ५ मिनिटे ८ सेकंद म्हणजे खऱ्या १६०० मीटरला ५ मिनिटे २४ सेकंद, हा त्रैराशिकाचा हिशेब शेठांनी तिथेच दगडावर बसून केला. हिशेब सोपा होता. तो सांगायचा कसा, हे कठीण होते.

संध्याकाळी मुलगा दुकानात आला तेव्हा त्यांनी सांगितले. मुलगा क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, “शेठ, आमची वाट मापण्याआधी आपल्या दुकानाची मापं बघायची होती.”

दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर दर वर्षी वैधमापन विभागाची मोहोर असते. ती दाखवता आली असती. शेठांनी दाखवली नाही. माळ्यावर त्यांच्या आजोबांच्या काळची एक पितळी पायली आहे. मेट्रिक मापे आली तेव्हा ती अडगळीत गेली. तिचा तळ आतून किंचित वर उचललेला आहे. तो वापराने तसा झाला की कोणी ठोकून केला, हे घरात कधी बोलले गेले नाही. गावात मात्र बोलले जाई. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ येते. पाठशाळेत ते पाठ करताना लहानपणीच शेठांना ती पायली आठवे. पर्युषणात दर वर्षी आठवते. मोड म्हणून विकून टाकण्याचा सल्ला घरातून अनेकदा मिळाला. ती त्यांनी विकली नाही.

“उद्या तू मोज,” ते मुलाला म्हणाले. “सायकल घेऊन जा. फुटाणेही ने.” त्यांनी एक पुडी बांधून गल्ल्याशेजारी ठेवली. मुलाने ती नेली नाही.

तीन दिवस तो वाटेवर दिसला नाही. वयाच्या अटीमुळे त्याच्याकडे एकच भरती उरली होती. अशा वेळी खोटे का होईना, मनाला उभारी देणारे घड्याळ का हिरावून घ्यावे, असे शेठांच्या पत्नीने विचारले. प्रश्न निष्ठुर नव्हता. शेठांजवळ त्याला सरळ उत्तर नव्हते. ते एवढेच म्हणाले, “आत्ता कळलं तर चार महिने आहेत हातात.”

चौथ्या दिवशी पहाटे सायकल अंगणातून गेलेली होती. उजाडल्यावर मुलगा परतला आणि खिसा गल्ल्यावर उलटा केला. शेठांनी फुटाणे मोजले. ६८. “वर साडेचार फेरे,” मुलगा म्हणाला. दोघांच्या मोजणीत अर्ध्या फेऱ्याचा फरक होता.

त्याच सकाळी दोघांनी सांडव्यापुढे पुन्हा चाक चालवले. वाट तिथे थोडी चढते आणि एका बाभळीपाशी वळते. ७२१ फेऱ्यांना बाभळीच्या अलीकडे १६०० मीटर पुरे होत होते. शेठांनी आणखी एक फेरा पुढे जाऊन दगड रोवला. मापून दिल्यावर वर चिमूटभर टाकायची दुकानातली सवय.

मुलाने दगडाला पांढरा रंग दिला. दुसऱ्या दिवशी तो त्या वाटेवर प्रथम धावला तेव्हा शेठ दगडापाशी घड्याळ घेऊन उभे होते. ५ मिनिटे २६ सेकंद. मुलगा गुडघ्यांवर हात टेकून बराच वेळ वाकून उभा राहिला. मग त्याने विचारले, “वाळूत आठवड्यातून दोनदा गेलं तर चालेल का, काका?”

शेठांना त्यातले काही कळत नव्हते. त्यांनी घड्याळ पुसले आणि परत शून्यावर आणले.