पंचगंगेच्या आलेखाचा उभा अक्ष

कोल्हापूर

चि. भाचीस,


पंचगंगेच्या पाणीपातळीचा आलेख तू डी-थ्री ही लायब्ररी वापरून करते आहेस, रेषा उमटली आहे आणि आता ‘फक्त अक्ष जोडायचे राहिलेत’ असं तू लिहिलंस. त्या ‘फक्त’साठी हे पत्र. माझ्या मते या आलेखात रेषेचं काम सगळ्यात सोपं आहे. राजाराम बंधाऱ्यावर मोजलेले आकडे दिले की ती आपोआप उमटते, तिथं तुझं मत कुणी विचारत नाही. उभा अक्ष कुठून सुरू करायचा, कुठवर न्यायचा, त्याच्यावर खुणा कुठं करायच्या, हे मात्र ठरवावं लागतं, आणि वाचणाऱ्याला धीर येणार की धडकी भरणार हे तिथंच ठरतं. म्हणून अक्ष हा आलेख करणाऱ्याच्या जबाबदारीचा भाग आहे. तो लायब्ररीवर सोपवू नये.

सोपवला तर काय होतं ते बघ. पायथनमधली मॅटप्लॉटलिब आकड्यांतला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा शोधते, दोन्ही टोकांना थोडी जागा सोडते आणि अक्ष आखून मोकळी होते. डी-थ्री त्या मानानं शिस्तीची. आधी मोजपट्टी, म्हणजे स्केल, हातात दिल्याशिवाय ती अक्ष काढतच नाही. पण उदाहरणांत सर्रास तीच युक्ती शिकवतात की ‘एक्स्टेंट’नं लहानमोठा आकडा काढा आणि तोच डोमेन, म्हणजे मोजपट्टीची टोकं, म्हणून द्या. परिणाम एकच. जूनमध्ये नदी १२ फुटांवरून १४ वर गेली तरी रेषा पडदाभर चढते, आणि ऑगस्टमध्ये ४१ वरून ४३ वर गेली तरी तेवढीच चढते. पहिल्या चढावाची दखलही कुणी घेणार नाही. दुसऱ्यात इशाऱ्याची ३९ फुटांची पातळी मागं पडलेली असते आणि पाणी धोक्याच्या ४३ फुटांना टेकलेलं असतं. तोवर नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीतल्या लोकांनी जनावरं सोडून घर हलवायला घेतलेलं असतं. दोन्ही दिवशी चित्र मात्र सारखंच. तू म्हणशील, डी-थ्री २०११ साली स्टॅनफर्डमध्ये बोस्टॉक, हीर आणि ओगिएवेत्स्की या जाणत्या लोकांनी केली, तिच्या सवयी विचारपूर्वकच ठरलेल्या असतील. असतील की. पण त्या सवयी कुठल्याही आकड्यांना चालाव्यात म्हणून ठरल्या आहेत, आणि कोल्हापुरात ४३ म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही.

इथं हमखास येणारा आक्षेप असा की मग सरळ शून्यापासून सुरू कर, शून्य नसलेला अक्ष म्हणजे फसवणूक. हा नियम मला अर्धाच मान्य आहे. उभ्या खांबांच्या आलेखात खांबाची लांबी हाच आकडा असतो, तिथं शून्य कापलं की खोटं बोलणं झालंच. साखर कारखान्यांच्या गाळपाचे खांब काढशील तेव्हा हा नियम डोळे मिटून पाळ. पण नदीची पातळी ही लांबी नाही, ती एक जागा आहे. बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचा शून्य माणसांनी सोयीनं ठरवलेला आहे. तीच धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून मोजली तर साधारण ५४३ मीटर भरते. मग कुठला शून्य खरा? २००५ चा पूर ५० फुटांच्या आसपास होता, २०१९ चा ५५ च्या वर गेला. बंधाऱ्याच्या शून्यापासून पाहिलं तर दुसरा पूर पहिल्यापेक्षा दहा टक्क्यांनी मोठा, म्हणजे किरकोळच फरक. समुद्रसपाटीपासून पाहिलं तर ५४५ आणि ५४७, डोळ्यांना दोन्ही एकच. धोक्याच्या पातळीपासून मोजलं तर ७ फूट आणि १२ फूट, आणि पुण्या-बंगळूरचा महामार्ग शिरोलीजवळ दिवसचे दिवस बंद का राहिला ते याच मोजणीत कळतं. पाणी तेच, आकडेही खरे. यातली कुठलीही निवड ‘तटस्थ’ म्हणून पुढं करता येत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की उभ्या अक्षाची टोकं कायमची बांधून टाक. खाली शून्य ठेव, नियम म्हणून नको, उन्हाळ्यातली नदीही त्याच चित्रात मावावी म्हणून. वर ६० ठेव. २००५ नंतर कुणी ५० वर टोक बांधलं असतं तर त्यांचा आलेख २०१९ मध्ये तोकडा पडला असता, आणि तो कसा तोकडा पडतो हेही समजून घे. डी-थ्रीची मोजपट्टी डोमेनच्या बाहेरचा आकडा मुकाट्यानं पुढं मोजत राहते, त्यामुळं रेषा चौकटीबाहेर जाऊन शीर्षकावर चढते. दिसायला वाईट, पण खरं. ते टाळायला ‘क्लॅम्प’ लावलास तर रेषा वरच्या काठाला आडवी होते आणि पाहणाऱ्याला वाटतं पाणी थांबलं. पुराच्या रात्री याहून घातक चित्र मला सुचत नाही. तेव्हा क्लॅम्प नकोच, आणि नदी ६० कडे निघाली तर टोक वर सरकू दे. फक्त ते परत खाली येऊ देऊ नकोस, नाहीतर मागच्या वर्षीचं चित्र आणि यंदाचं चित्र शेजारी ठेवता येणार नाही.

यावर खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो वजनदार आहे. ६० फुटांच्या अक्षावर तासाला दोन-तीन इंच चढणारं पाणी जवळजवळ सपाट दिसतं, आणि पुराच्या दिवसांत लोक विचारतात ते हेच की चढतंय का उतरतंय. बरोबर आहे. पण त्यासाठी मोठा अक्ष मोडायची गरज नाही. खाली दुसरा छोटा आलेख दे, तासागणिक किती इंच फरक पडला एवढाच, आणि त्याचा शून्य मधोमध असू दे. दोन वेगळे प्रश्न एकाच अक्षाकडून सोडवून घ्यायला गेलं की त्याला दोन्हीकडं खोटं बोलावं लागतं.

आता खुणा. लायब्ररी खुणा दशमान पद्धतीनं टाकते, म्हणजे एक, दोन किंवा पाचाच्या टप्प्यानं, आणि लागेल तसं दहानं गुणून वा भागून. शून्य ते साठ दिलंस तर ५, १०, १५ असं येईल, आणि या जिल्ह्याला पाठ असलेले ३९ आणि ४३ हे दोन आकडे अक्षावर नसतीलच. ते ‘टिकव्हॅल्यूज’नं स्वतः घाल. जवळून पाहण्यासाठी ४० ते ४२ एवढाच तुकडा घेतलास तर खुणा ०.२ फुटांनी येतील. दोन दशांश फूट म्हणजे दोन पूर्णांक चार दशांश इंच, ते या गावात कुणी बोलत नाही. याहून मोठा खड्डा आकडे वाचतानाच आहे. ४३ फूट ९ इंच हे पुष्कळदा टिंब देऊन ४३.९ लिहिलं जातं, आणि त्यानंतरचं ४३ फूट १० इंच ४३.१० होतं. संगणक त्याला ४३.१ समजतो. पाणी इंचभर चढलेलं असतं आणि तुझी रेषा पाऊण फुटाहून जास्त खाली कोसळते. तेव्हा फूट आणि इंच वेगळे वाच, इंचाला बारानं भाग, आणि अक्षावर लिहिताना पुन्हा फूट-इंचच लिही. लोकांच्या स्वतःच्या खुणाही आहेत: बंधारा पाण्याखाली गेला, नदी पात्राबाहेर पडली, शिवाजी पुलाला मच्छिंद्री झाली. यातल्या ज्यांची उंची पाटबंधारे खात्याकडून पक्की कळेल त्या अक्षाच्या उजव्या अंगाला बारीक अक्षरात घाल. न कळेल ती अंदाजानं मुळीच घालू नकोस.

आडव्या अक्षाचं थोडक्यात. वेळ ही वेळ म्हणूनच दे, नुसत्या नावांची ओळ म्हणून नको. पुरात वाचन तासातासाला येतं, एरवी दिवसाकाठी, आणि नावांची ओळ दोन्ही सारख्याच अंतरावर मांडते. शिवाय ‘स्केलटाइम’ पाहणाऱ्याच्या यंत्राची वेळ धरतं, त्यामुळं दुबईतल्या आपल्या माणसाला सकाळी आठचं वाचन साडेसहाचं दिसेल. भारतीय वेळ तू स्वतः बांधून दे.

शेवटी कर्नाटकातलं अलमट्टी धरण. तुला डावीकडं पंचगंगेचे फूट आणि उजवीकडं अलमट्टीची पातळी मीटरमध्ये, असे दोन उभे अक्ष हवे आहेत. त्या धरणाच्या फुगवट्यानं इथला पूर वाढतो का, हा वाद कोल्हापूर-सांगलीत २००५ च्या पुरापासून आहे, तेव्हा मोह समजतो. पण उजव्या अक्षाची टोकं ५१५ ते ५२० घेतलीस तर दोन्ही रेषा हातात हात घालून चालतील, ५०० ते ५२० घेतलीस तर अलमट्टी निर्दोष दिसेल. धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर आहे, ती दोन्हीकडं तेवढीच राहते. निकाल मात्र टोकं ठरवणाऱ्याच्या बोटांनी लागतो. आर भाषेतल्या जीजीप्लॉटमध्ये दुसरा अक्ष पहिल्याचंच थेट रूपांतर असावा लागतो, ते मला पटतं. म्हणून उजवीकडं अक्ष हवाच असेल तर पंचगंगेच्याच फुटांचे मीटर दे. अलमट्टीचा आलेख खाली वेगळा काढ, तारखांचा अक्ष दोघांना एकच ठेव, आणि त्याच्याखाली तिथून सोडलेल्या विसर्गाची तिसरी पट्टी दे. पातळी कळली आणि विसर्ग कळला नाही तर वादाचा निम्मा मुद्दा आलेखाबाहेरच राहतो.

तुझा,
मामा