माइक कुठलं ऐकतो

पणजी, रात्र.

पेडणे-डिचोलीच्या जत्रांत मराठी नाटक आजही रात्री उघड्या मांडवात रंगतं. तिथे माइकने नटाचा शब्द घ्यावा, शेजारच्या स्पीकरचा आवाज नाही. हे जमतं कसं, ते आज संगणकावर मांडून पाहिलं.

मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या कार्डिऑइड माइकचं सूत्र छोटंसं आहे: एक अधिक आवाजाच्या कोनाची कोज्या, भागिले दोन. समोरचा आवाज पूर्ण, ९० अंशांवर निम्मा, म्हणजे ६ डेसिबल कमी, आणि थेट मागे शून्य. हायपरकार्डिऑइड मात्र मागचंही थोडं ऐकतो. त्याचा बहिरा कोन सुमारे ११० अंशांवर. नटाला ऐकू यावं म्हणून ठेवलेला मॉनिटर स्पीकर तिथेच हवा.

पण सूत्र पुरेसं नाही. १०० हर्ट्झची लहर जवळपास साडेतीन मीटरांची, १०,००० हर्ट्झची साडेतीन सेंटिमीटरांची. ही छोटी लहर माइकच्या अंगालाच अडते आणि माइक कुठून किती ऐकतो याची आकृती बदलते. म्हणून प्रत्येक वारंवारतेचा आलेख वेगळा काढावा लागतो. ते आलेख एकाखाली एक पाहताना फार आनंद झाला.

नटाचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचणं हा प्रेक्षकाचा हक्क आहे. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्यांनो, स्पीकरचा आवाज माइकात शिरून शिटी वाजू लागली की आवाज कमी करण्याआधी स्पीकरचा कोन बदलून पाहा.