देवळालीचा ताप आणि पुण्याचा टॅप

इंग्रजीत ‘डूलाली’ असा एक शब्द आहे. डोकं फिरलेल्या माणसासाठी तो वापरतात. हा शब्द आपल्या नाशिक जिल्ह्याची देणगी आहे असं सांगितलं की पुष्कळांना खोटं वाटतं. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोजीर देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत पडून राहत. हाताला काम नाही, ऊन रणरणतं, जोडीला हिवताप आणि दारू. काहींची डोकी खरंच फिरत. त्याला म्हणायचे ‘डूलाली टॅप’. हा टॅप म्हणजे नळ नव्हे बरं का, आपला ताप!

पुढे २००९ मध्ये पुण्यात याच नावाची ‘डूलाली’ निघाली. तिथे बिअर जागेवरच तयार करून नळातून देऊ लागले. म्हणजे तापाचा पुन्हा टॅप झाला. नंतर पुण्यात अशा जागा वाढत गेल्या. ‘इंडिपेंडन्स’, ‘एफिंगट’ ही नावं माझ्या भाच्याला तोंडपाठ आहेत. त्यानेच मला अशा एका ठिकाणी नेलं. लहान लहान पेल्यांत चार तऱ्हा समोर मांडल्या आणि म्हणाला, "मामा, चाखी देखा."

नातेवाईक मंडळींनी भुवया उंचावू नयेत. चारही मिळून मी अर्धा पेलाही घेतला नसेल. पण मास्तराची खोड, चौकशी मात्र भरपूर केली.

बिअरला लागतं काय? पाणी, मोड आणून वाळवलेलं सातू, हॉप्स नावाची कडू फुलं आणि यीस्ट. बव्हेरियात १५१६ साली कायदाच झाला होता, पाणी, सातू आणि हॉप्स याखेरीज काही घालायचं नाही म्हणून. यीस्टचं नाव मात्र त्यात नाही! नळाची ही बिअर बहुधा न तापवलेली, ताजी असते, त्यामुळे फार दिवस टिकत नाही. चरकावरचा उसाचा रस आणि बाटलीतलं सरबत, यांत जो फरक तोच इथे.

चाखण्यासारखं म्हणाल तर गव्हाची ‘हेफेवायझन’. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण घातलेलं असतं ना केळं, ना लवंग. ती सगळी यीस्टची करामत. बेल्जियन ‘विटबिअर’मध्ये मात्र संत्र्याची साल आणि धणे खरोखर घालतात. मला तीच आवडली. ‘आयपीए’ म्हणजे कारल्याची थोरली बहीण. ‘स्टाऊट’ काळीभोर, भाजलेल्या सातूची, कॉफीच्या चवीची.

आता मनातलं. आमच्या बागलाणच्या पश्चिम पट्ट्यातले कोकणा आणि भिल्ल लोक मोहाची फुलं आंबवून दारू गाळत आले. देवाला आधी धार, मग माणसांना. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने असल्या घरगुती कसबाला सरकारी कुलूप लागलं. पुण्यात हाताने केलेलं म्हणून ज्याचं कौतुक आणि ज्याला दामदुप्पट भाव, तेच डोंगरात कुणी केलं तर पोलिसांच्या कागदावर ‘हातभट्टी’ होतं. हे मला खटकतं.

पण म्हणून हातभट्टीची आरतीही मी ओवाळणार नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. ती मोहाची नव्हती, मिथेनॉल होतं, आणि मेले ते मजूर. शाळेत असताना हजेरी घेताना एखादं पोर चार-चार दिवस गैरहजर दिसे. चौकशी केली की कळे, बाप पिऊन पडलाय, पोरगं कांद्याच्या खळ्यावर कामाला गेलंय. आपल्या राज्यात गावातलं दारूचं दुकान बंद करायला ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असं मतदान होतं. आडव्या बाटलीवर शिक्का मारायला रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना विटबिअरमधले धणे सांगून काय उपयोग?

भाचा म्हणतो, "मामा, चवीने पिणारा वाया जात नाही." मला हे अर्धंच पटतं. तो दोन पेल्यांवर थांबतो ते चवीमुळे नाही. उद्या सकाळी त्याला नोकरीवर जायचंय, घरी वाट बघणारं कुणी आहे, आणि खिशात पुढल्या महिन्याचेही पैसे आहेत. देवळालीच्या सोजिरांकडे यातलं काहीच नव्हतं. होती ती नुसती वाट बघणं. माणसाला नासवते ती दारू खरी, पण तिला दार उघडून देतं ते रिकामपण.

आमच्या मोसम खोऱ्यात पदवी घेऊन पारावर बसलेली पोरं बघतो, तेव्हा मला तो जुना ताप आठवतो. त्यांना आधी काम मिळू द्या. मग चाखतील काय चाखायचं ते, किंवा नाही चाखणार.

असो. विटबिअर चांगली होती.