आद्याक्षरांचा बाजार

आपल्या मराठी पत्रव्यवहारांत संक्षेपांची चाल फार जुनी आहे. वडील माणसांस पत्र लिहितांना प्रारंभीं "कृ. सा. न. वि. वि." इतकीं अक्षरें घातलीं कीं 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंति विशेष' हा सारा लवाजमा त्यांत सामावत असे. पाकिटावर "मु. पो.", नांवाच्या आधीं "रा. रा." अथवा "चि.", आणि मजकूर संपल्यावर कांहीं आठवलें तर "ता. क." आमच्या बालपणीं हीं अक्षरें घरोघरीं चालत आणि त्यांचा अर्थ कोणास विचारावा लागत नसे. परवां नववीच्या वर्गांत "रा. रा." म्हणजे काय, असें आम्हीं विचारलें, तेव्हां एका चलाख विद्यार्थ्यानें 'रात्रीचा राजा' असें उत्तर दिलें. 'राजमान्य राजेश्री' हें खरें उत्तर ऐकून वर्गाची थोडी निराशाच झाली, कारण त्या मुलाचें उत्तर सर्वांस अधिक पसंत पडलें होतें!

तारेच्या काळांत काटकसरीस आणखी एक कारण होतें. तारेंत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून जो तो शब्द मोजून लिही. भारतांतील तारेची ती सेवा २०१३ सालच्या जुलै महिन्यांत बंद झाली. परंतु संक्षेप कांहीं बंद झाले नाहींत. उलट ते वाढले, आणि आतां ते इंग्रजी आद्याक्षरांच्या रूपानें आमच्या या आडवळणाच्या जिल्ह्यांतहि येऊन पोंचले आहेत.

संक्षेपास आमचा विरोध नाहीं. मात्र त्याची एक अट आहे: लिहिणारा व वाचणारा या दोघांसहि पूर्ण शब्द ठाऊक असला पाहिजे. एकासच ठाऊक असेल तर संक्षेप हा संक्षेप राहत नाहीं, पडदा होतो. जनावरांच्या बाजारांत पूर्वीं रुमालाखालीं बोटें धरून सौदा होत असे, हें पालकांपैकीं पुष्कळांस आठवत असेल. दलाल आणि घेणारा यांचे हात रुमालाखालीं. कोणतें बोट शंभराचें व कोणतें हजाराचें, हें त्या दोघांस माहीत. आणि ज्याचा बैल तो शेतकरी बाजूला उभा राहून रुमालाची हालचाल पाहत असे. शेतमालाच्या बाजारांतून असा गुप्त सौदा जावा व उघड लिलाव व्हावा, यासाठीं कायदे करावे लागले; १९३९ सालीं मुंबई इलाख्यांत व पुढें १९६३ सालीं महाराष्ट्रांत. रुमाल काढण्यास कायदा लागतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां ज्या निमित्तानें हा लेख लिहीत आहों तें सांगतों. नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ राज्यांत मोठी गणली जाते. हिवाळ्यांत ओली लाल मिरची गाड्या भरून येते, शहराभोंवतींच्या पथाऱ्यांवर ती वाळत पडते, आणि वारा फिरला कीं तिचा ठसका थेट वर्गांत येऊन फळ्यापाशीं उभ्या असलेल्या शिक्षकास लागतो. अशाच एका लहानशा पथारीचे मालक, ज्यांची कन्या आमच्या शाळेंत दहावीस आहे, एके दिवशीं एक छापील पत्रक घेऊन आमच्याकडे आले. मिरची व धडगांवकडील आमचूर पुडक्यांत भरून संगणकाच्या जाळ्यावरून थेट गिऱ्हाइकास विकावें, म्हणून त्यांनीं बाहेरगांवच्या एका जाहिरात-संस्थेस काम दिलें होतें. तीन महिने पैसे भरून झाले होते. चौथा हप्ता द्यावयाचा कीं नाहीं, या विवंचनेंत ते होते. पत्रक पुढें ठेवून ते म्हणाले, "सर, हाई काय लिखेल शे?" पत्रकांत एका पानांत अकरा संक्षेप होते, आणि त्यांपैकीं एकाचाहि विस्तार दिलेला नव्हता.

आम्हीं तें पत्रक, नांवें झांकून, दहावीच्या वर्गापुढें ठेवलें. पालकांची संमति होतीच; कन्येचा उत्साह त्याहून अधिक होता. त्या दोन तासांत जें शिकतां आलें तें येथें देतों. आंकडे मात्र थोडे बदलले आहेत.

पहिला संक्षेप "एस्. ई. ओ." म्हणजे, आमच्या शब्दांत, शोधयंत्रांत आपलें पान वर यावें यासाठीं करावयाची मशागत. पुण्यांतील कोणी गृहिणी 'नंदुरबारची लाल मिरची' असे शब्द गूगलवर टाकते, तेव्हां उत्तरांची जी यादी पुढें येते तिला "एस्. ई. आर्. पी." म्हणतात. त्या यादींत पैसे न देतां वरची जागा मिळविणें ही एस्. ई. ओ. ची कामगिरी, आणि पैसे देऊन 'जाहिरात' या शिक्क्याखालीं जागा घेणें, व कोणीं तिच्यावर बोट ठेवलें कीं तेवढ्या बोटाचे पैसे मोजणें, हें "पी. पी. सी." वर्गांतील एका शेतकऱ्याच्या मुलानें हा भेद एका वाक्यांत सांगितला: "सर, पहिलें म्हणजे आंब्याचें झाड लावणें आणि दुसरें म्हणजे बाजारांतून आंबे आणणें." अगदीं बरोबर! झाडास महिनेच्या महिने वाट पाहावी लागते. बाजारांतील आंबा आज मिळतो, पण पैसे थांबले कीं टोपली रिकामी.

हें शोधयंत्र पानांची योग्यता ठरवितें कसें? गूगल कंपनीची नोंदणी ४ सप्टेंबर १९९८ रोजीं झाली, आणि आमचा नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजीं. तेव्हां दोघांचें वय जवळजवळ सारखें आहे. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोघां विद्यार्थ्यांची मूळ कल्पना अशी कीं, एका पानानें दुसऱ्या पानाकडे दुवा दिला तर तें एक प्रकारें त्याची साक्ष देतें; आणि ज्याची साक्ष त्याची पत जितकी मोठी, तितकें त्या साक्षीचें वजन अधिक. आपल्या पेठेंत दुसरें काय चालतें? नव्या व्यापाऱ्यास उधारी देतांना त्याच्या तोंडाकडे कोणी पाहत नाहीं; कोणती जुनी पेढी त्याची हमी घेते तें पाहतात. पुढें या हिशेबांत इतर अनेक गोष्टी मिळविल्या गेल्या. पानावर 'मिरची, मिरची, मिरची' असा जप केल्यानें पान वर जाईल, ही समजूत मात्र आतां टाकून द्यावी. असल्या जपानें पान खालीं ढकललें जाण्याचाच संभव अधिक.

"सी. ओ. डी." वाचून आम्हांस जुना स्नेही भेटल्यासारखें झालें. माल हातीं आल्यावर पैसे द्यावयाचे, हीच ती रीत. टपालखात्यानें १८७७ सालीं व्ही. पी. ची सोय सुरू केली, ती हीच. जुन्या मराठी मासिकांच्या जाहिरातींत "व्ही. पी. नें मागवा" आणि "ट. ख. वेगळा" हीं वाक्यें पानोपानीं दिसतात, 'ट. ख.' म्हणजे टपालखर्च. सी. ओ. डी. हा त्या व्ही. पी. चा नातू म्हणावा. आजोबांची खोडहि नातवांत उतरली आहे: गिऱ्हाइकानें दारांतूनच पुडकें परत केलें तर जाण्यायेण्याचा भुर्दंड विक्रेत्यावर.

त्या भुर्दंडासाठींच पत्रकांत "आर्. टी. ओ." असा एक रकाना होता व त्यांत दोन हा आंकडा होता. तो पाहून आमचे पालक खरोखर घाबरले होते. त्यांच्या टेंपोचें कांहीं प्रकरण परिवहन कार्यालयांत निघालें कीं काय, अशी त्यांस धास्ती! व्यापारांत या अक्षरांचा अर्थ 'माल मूळ ठिकाणीं परत' एवढाच आहे. वर्ग हंसला, आम्हांस मात्र त्या गृहस्थांच्या दोन रात्रींच्या झोंपेची आठवण होऊन हंसूं आलें नाहीं.

आतां हिशेब. जाहिरात हजार वेळां दाखविण्याची किंमत ती "सी. पी. एम्.", यांतील 'एम्' हा हजार या अर्थीं लॅटिन शब्द आहे, दशलक्ष नव्हे. पाहणाऱ्यांपैकीं शेंकडा किती जणांनीं बोट ठेवलें तें "सी. टी. आर्.", आणि एका बोटाची किंमत "सी. पी. सी." पत्रकाप्रमाणें तीन महिन्यांत जाहिरात ९०,००० वेळां दिसली, ४५० वेळां तिच्यावर बोट पडलें, म्हणून सी. टी. आर्. ०.५, सी. पी. सी. ३० रुपये, व सी. पी. एम्. १५० रुपये. तीन ठिकाणीं ठळक टंकांत छापलेले हे आंकडे पाहून कोणासहि वाटावें कीं काम उत्तम चाललें आहे.

वर्गांतील मुलींनीं गुणाकार करून पाहिला. ४५० गुणिलें ३० म्हणजे १३,५०० रुपये. परंतु पालकांच्या वहींत तर ३६,००० रुपये गेलेले! उरलेले २२,५०० कोठें? ते संस्थेचें तीन महिन्यांचें वेतन, तें सी. पी. सी. मध्यें धरलेलेंच नव्हतें. तें धरलें तर एक बोट ८० रुपयांस पडलें. बरें, त्या ४५० जणांपैकीं मागणी किती जणांची? अकरा. त्यांतून दोन पुडकीं परत आलीं, तीं वर सांगितलींच, राहिलीं नऊ. ३६,००० भागिलें नऊ: एका गिऱ्हाइकामागें ४,००० रुपये खर्च, आणि सरासरी पुडकें ६५० रुपयांचें.

एक गिऱ्हाईक मिळविण्यास एकंदर किती पडले, या आंकड्याससुद्धां या व्यवसायांत संक्षेप आहे, "सी. पी. ए." म्हणतात त्यास. पत्रकांतील अकरा संक्षेपांत तेवढाच नव्हता.

संस्थेनें फसविलें असें आम्ही म्हणत नाहीं. खोटा आंकडा एकहि नव्हता, आणि तीन महिन्यांत झाड फळास येत नाहीं हेंहि खरें. पण ज्या माणसाच्या पैशानें तें पत्रक छापलें गेलें, त्यास तें वाचतां येत नव्हतें, आणि वाचतां येत नाहीं असें म्हणण्याची त्यास लाज वाटत होती. ही लाज कशी उत्पन्न होते, याचा शिक्षकांनीं विचार करावा. आमच्या जिल्ह्यांतील मुलाची घरची बोली पावरी, मावची, भिलोरी नाहींतर अहिराणी. शाळेंत आल्यावर तो मराठी शिकतो, मग इंग्रजी. त्यापुढें ही आद्याक्षरांची चौथी भाषा. पहिल्या तीन पायऱ्या ज्यानें कष्टानें चढल्या, त्यास चौथ्या पायरीवर कोणी तुच्छतेनें पाहिलें, तर तो मुकाट्यानें सही करून मोकळा होतो.

उलट उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत आहे. शहादे तालुक्यांतील टेंभली गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक दिले गेले. सरकारी कागदांत त्या योजनेचें नांव "यू. आय्. डी." असें होतें. तें लोकांच्या तोंडीं बसलें नाहीं. 'आधार' हा शब्द बसला. योजनेच्या गुणदोषांचा विचार येथें नाहीं. पण आजीबाईसहि उच्चारतां येईल असें नांव असलें म्हणजे ती कार्यालयांत जाऊन 'माझें आधार कोठें आहे?' असें जोरानें विचारूं शकते, एवढें आम्हीं स्वतः पाहिलें आहे.

पुढें काय झालें तें थोडक्यांत. पालकांच्या कन्येनें संस्थेस दूरध्वनि केला व एकच प्रश्न विचारला: सगळा खर्च धरून एका मागणीस किती पडले? पलीकडील तरुण क्षणभर थांबला, आणि मग, हें त्याच्या लौकिकास शोभेसें आहे, त्यानें सरळ उत्तर दिलें. चौथा हप्ता थांबला. जाहिरात बंद करून आधीं पान नीट करावें असें ठरलें: मिरची कोणत्या जातीची, पथारीवर किती दिवस वाळली, पुडक्याचें वजन व भाव काय, दुकान कोठें. गूगलच्या नकाशावरील दुकानाची नोंद विनामूल्य असते, हें त्यांस तेव्हां कळलें. (या नोंदीच्या सोयीचें नांव २०२१ सालीं बदललें, तरी धंद्यांतील लोक जुनेंच "जी. एम्. बी." म्हणतात. संक्षेप मूळ नांवापेक्षां दीर्घायुषी असतात.)

पान लिहितांना "ई. ई. ए. टी." हा आणखी एक संक्षेप मुलांस सांपडला: अनुभव, जाणकारी, अधिकार व विश्वास. पानांची पारख करणाऱ्या माणसांसाठीं गूगलनें जे नियम छापले आहेत त्यांत तो आहे. पहिला 'ई', म्हणजे अनुभव, त्यांत २०२२ सालच्या डिसेंबरांत मिळविला गेला. अनुभवाच्या बाबतींत आमच्या पालकांस कोणाकडून कांहीं विकत घेण्याची गरज नव्हती. मिरची हातांत घेऊन मोडली कीं आवाजावरून ती किती सुकली तें ते सांगतात. तेंच त्यांच्या कन्येनें, त्यांच्याच शब्दांत, पानावर लिहिलें आहे.

फळ्यावर आमची एक यादी अद्याप पुरी व्हावयाची आहे. प्रत्येक संक्षेपापुढें पूर्ण शब्द व त्यापुढें पेठेंतला शब्द, असे तीन रकाने मुलांनीं आंखले आहेत. "आर्. ओ. आय्." पुढें वर्गानें 'नफा' लिहिलें होतें. पालक यादी पाहावयास आले तेव्हां त्यांनीं मान हलविली. "नफा नव्हे, सर," ते म्हणाले, "नफा तर नुसता आंकडा झाला. शंभर घातले तर किती सुटले, तें विचारतात ना? त्याला आम्ही शेंकडा म्हणतों." कन्येनें 'नफा' पुसून 'शेंकडा' लिहिलें. "सी. टी. आर्." चा तिसरा रकाना अजून कोरा आहे, बाजारांत नुसते भाव विचारून पुढें जाणाऱ्यांची गणति कोणी ठेवीत नाहीं, म्हणून त्यास शब्द नाहीं, असें आबांचें म्हणणें, तो शोधलाच पाहिजे, असें कन्येचें.