हेल्मेटच्या खिडक्या



सांगलीचं एप्रिलमधलं ऊन तुम्हाला वेगळं सांगायला नको. परवा भर दुपारी आमचे चिरंजीव गाडीवरून आले ते उघड्या डोक्याने, हेल्मेट कोपरात अडकवलेलं! मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "आई, आत डोकं शिजतं गं!"

रविवारी ते हेल्मेट धुवायला घेतलं. आतलं अस्तर बटणं काढल्यावर निघालं. घामाने आणि तेलाने नुसतं चिकट. त्याखाली थर्माकोलचा कडक थर आणि त्यात पुढून मागे गेलेल्या पन्हळी. बाहेर हनुवटीपाशी एक झडप, कपाळावर दोन, मागे जाळ्या. पुढच्या तिन्ही झडपा बंद! गेल्या पावसाळ्यात पाणी येतं म्हणून लावल्या, त्या तशाच. जाळ्यांत धूळ.

आपल्या स्वयंपाकघराचंच गणित हे. नुसत्या खिडकीने मिरचीचा खाट जात नाही, मागचं दारही उघडावं लागतं. गाडी पळते तेव्हा वारा पुढच्या झडपांतून शिरतो, पन्हळींतून डोक्यावरून फिरतो. हेल्मेटच्या मागे हवेचा दाब कमी झालेला असतो, म्हणून आतली गरम, दमट हवा तिकडे ओढली जाते. हनुवटीची झडप काचेवर वाफ धरू देत नाही. सिग्नलला थांबलं की वाराही थांबतो. तेवढा वेळ काच वर करायची.

अस्तर सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवलं, जाळ्या मऊ ब्रशने झाडल्या. थर्माकोलला पेट्रोल-थिनर लावायचं नाही आणि हवेसाठी स्वतः भोकं तर मुळीच पाडायची नाहीत. पडल्यावर तोच थर दबून डोकं वाचवतो. आणि हो, झडपांत बारीक जीव बसतात. घालण्याआधी उजेडात एकदा पाहून घ्या.

सोमवारी संध्याकाळी तो म्हणाला, "गरम होतं, पण शिजत नाही."

महिनाभर मी त्याला रागवत होते. हेल्मेट हातात घेऊन पाहिलं मात्र एकदाही नव्हतं. आणि माझं स्वतःचं? डोक्याला जाड स्कार्फचे तीन वेढे, त्यावर हेल्मेट. झडपा उघड्या असून हवा येणार कुठून? आता आत एकच पातळ सुती रुमाल बांधते.

तुमच्या घरातलं हेल्मेट आज जरा उलटं करून बघा.